लेबलावरचं गाव

फणसवाडीचे कमलाकांत धुरंधर माझगावच्या जकातीच्या गोदामात कारकून होते. दारूबंदीचे दिवस, परदेशी वकिलातींची वाइन तेवढी तिथे कुलपात असे. कमलाकांतांनी जन्मात थेंब चाखला नव्हता, पण फ्रेंच बाटल्या काढून द्यायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गिरगाव दणाणत होतं तेव्हाची गोष्ट. एका वकिलातीने मेजवानीसाठी चांगल्यातली ‘बोर्दो’ मागवली. कमलाकांतांनी लेबलं पाहिली. काहींवर बोर्दो हे अख्ख्या मुलखाचं नाव, तर काहींवर त्याच मुलखातलं पोयाक नावाचं कुठलंसं खेडं. खेड्यातला माल साहेबाला कसा पाठवायचा? त्यांनी बोर्दोवाल्या बाटल्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी वकिलातीचा गोवेकर बटलर मेनेझिस धापा टाकत आला. “बाब, काय केलंत हे! साहेब पाहुण्यांदेखत ओशाळला.”

“अहो, बोर्दोच तर दिली!”

“तिथेच चुकलात. मुलखाचं नाव असलं, की त्या मुलखातली कुठलीही द्राक्षं चालतात. एकाच गावची असली, की मान वाढतो.”

कमलाकांतांनी विचार केला, गाव मुलखाहून सरस, तर एकटी हवेली गावाहून सरस असणार. पुढच्या खेपेला त्यांनी हवेलीचं चित्र आणि झोकदार नाव असलेली बाटली दिली. मेनेझिस पुन्हा हजर.

“हवेलीचं नाव भलत्यासलत्या बाटलीवरही असतं, बाब! खाली ‘अपेलासियों’ आणि ‘कोंत्रोले’ या दोन शब्दांच्या मध्ये काय लिहिलंय ते वाचा. त्यांचा अर्थ ‘तपासलेलं नाव’, फ्रेंच सरकारची हमी तेवढ्यालाच.”

कमलाकांतांनी चष्मा पुसून वाचलं. मध्ये ‘बोर्दो’च होतं.

घरी जेवताना ते बायकोला म्हणाले, “इथे विखुरलेला मुलूख एक व्हावा म्हणून पोरं लाठ्या खातायत, अन् तिकडे म्हणे गाव जितकं लहान तितकी ऐट! माझं तर डोकंच चालेना.”

राजलक्ष्मीबाई भात वाढत म्हणाल्या, “मग तुम्ही कशाला निवडता? त्या मेनेझिसनाच गोदामात न्या की.”

तिसऱ्या खेपेला तसंच केलं. मेनेझिसने भराभर बाटल्या काढल्या आणि एका बाटलीपाशी तो अडला. गावाचं नाव होतं, पण ‘कोंत्रोले’ कुठेच नाही. नुसता एक छोटा शिक्का, त्यात चार अक्षरं. दोघांनी ती खिडकीपाशी नेऊन उलटीसुलटी पाहिली.

“हे काय?” कमलाकांतांनी विचारलं.

“देव जाणे, बाब.”

मेजवानी झकास झाली, साहेबाने शाबासकी धाडली. तो शिक्का फ्रेंच सरकारच्याच हमीचा, पण ‘कोंत्रोले’हून एक पायरी खालचा होता; ती बाटली मात्र मुलखाच्या फळीवर ठेवायची की गावाच्या, हे कमलाकांतांना नोकरी संपेपर्यंत उमगलं नाही.