वन्संनी बांधून ठेवलेली चिंधी

मंदावन्सं गेल्याचं मला फोनवर कळलं, पण कुणाच्या बोलण्यातून नाही, फोटोतून. सकाळी भाकरी थापताना फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला तर गावातल्या बायकांच्या ग्रुपवर वन्संचा चेहरा, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट. खालची अक्षरं मी आधी वाचलीच नाहीत. मनात आलं, वन्संनी शेवटी स्वतःचा फोटो टाकला… कारण इतकी वर्षं त्या व्हिडिओ काढत होत्या, इंदापूर-बारामतीकडच्या कितीतरी बायामाणसांना त्यांनी फोनवर आणलं, पण स्वतःचा चेहरा एकदाही दाखवला नव्हता. मग अक्षरं वाचली. तव्यावरची भाकरी करपून गेली.

तशा त्या माझ्या चुलत नणंद, मालकांच्या चुलत्यांची मुलगी. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण नात्याने मान त्यांचा, म्हणून मी वन्संच म्हणायची. नवरा गेल्यावर लहानग्या प्राजक्ताला घेऊन त्या वरकुट्याला परत आल्या आणि वडिलांच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. आमचं दोघींचं अंगण एकच. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या. पहाटे स्कूटीवर जायच्या, चारच्या सुमाराला परत यायच्या. आल्यावर चहा घ्यायचा आणि लगेच बाहेर पडायचं, कारण ऊन उतरेपर्यंतचा उजेड त्यांना हवा असायचा. "दिवा लावून काढलं की माणूस फोटोतल्यावानी दिसतंय, घरातल्यावानी दिसत न्हाय," असं त्या म्हणायच्या.

चॅनेलचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'शेजारपाजार'. त्यात काय असायचं, तर आपल्या शेजारचीच माणसं. बाजारात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशी, एका हाताने कशा बांधतात ते. वासराचं दावं वळणारा म्हातारा. उसाला दारं धरणारी एक बाई, पाणी कुठल्या सरीला किती वेळ सोडायचं हे ती पायाच्या तळव्याने ओळखायची, म्हणून त्या व्हिडिओत सगळा वेळ तिचे पायच आहेत. विधवा बायकांच्या सरकारी पगारासाठी कोणकोणते कागद लागतात, ते त्यांनी एकदा पाटावर ओळीने मांडून दाखवले होते. तो व्हिडिओ बघून आमच्या खालच्या आळीतल्या दोघी पहिल्याच फेरीत सगळे कागद बरोबर घेऊन इंदापूरला गेल्या आणि काम करून आल्या. त्या दिवशी वन्संनी मला शिरा करायला लावला होता. स्वतःला शिरा येत नव्हता असं नाही, पण आनंद झाला की दुसऱ्याच्या हातचं खावंसं वाटायचं त्यांना.

हे सगळं कापणं-जोडणं त्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत फोनवरच करायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. मोठे व्हिडिओ करणारा एक माणूस एकदा बारामतीहून आला होता. तो म्हणाला, "ताई, बायकांना रडताना दाखवा. रडलेलं लोकं बघत्यात." वन्सं म्हणाल्या, "रडायला माणूस आतल्या खोलीत जातं भाऊ. मी वसरीवरच थांबते." तो चहा पिऊन गेला, परत आला नाही.

त्यांचा एक नियम होता. ज्याचा व्हिडिओ, त्याला आधी दाखवायचा. फोन घेऊन त्याच्या घरी जायचं, घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवायचा, आणि एकानेही नको म्हटलं तर तिथंच पुसून टाकायचा. दावं वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या सुनेला मागे वाळत घातलेली कपडी दिसत होती ते आवडलं नाही, तर वन्सं दुसऱ्या दिवशी परत गेल्या आणि पुन्हा सगळं काढलं. मी म्हटलं, "एवढं कशाला? दोरीवरची कपडीच तर हुती." तर म्हणाल्या, "कपडी तिची हायती ना वयनी."

मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. माझं हे माहीत असल्यामुळे वन्सं माझे फक्त हात घ्यायच्या. पीठ मळायचे हात, कोथिंबीर निवडायचे हात, सुईत दोरा ओवायचे हात. आवाज काढून टाकायच्या आणि मागाहून स्वतःच्या आवाजात सांगायच्या. त्यामुळे मी निवांत असायची. फोन समोर असला तरी मी त्यांच्याशी घरच्यासारखी बोलायची, कारण बोललेलं राहत नाही हे ठाऊक होतं.

तसंच एकदा मी वाकळ शिवत होते. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून जाड टाके घालत होते आणि वन्सं समोर फोन लावून बसल्या होत्या. वाकळेच्या मधोमध एक निळा तुकडा होता. वन्संनी विचारलं, "ह्यो कशाचा?" मी म्हटलं, माझ्या शाळेच्या स्कर्टचा. आईने इतकी वर्षं बोचक्यात ठेवला होता. मग बोलता बोलता मी सगळंच सांगितलं. काटेवाडीला माझं माहेर. दादाला पुढच्या शिक्षणासाठी बारामतीच्या शाळेत घालायचं ठरलं. मग म्हशी कोण राखणार? दादाच आईला म्हणाला, "शकीला काय करायचीय शाळा," आणि सोमवारपासून मी गेले नाही. हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सुई चालू होती म्हणून तोंड चाललं असेल.

आठवड्याने वन्सं फोन घेऊन आमच्याकडे आल्या. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नीट बगा. पटंल तरच टाकते." आणि त्या सासूबाईंच्या पायाला तेल लावायला आत गेल्या. ओट्यावर मामंजी बसले होते. सुनेच्या हातातला फोन वाजलेला त्यांना कधी आवडायचा नाही. मी नेहमीसारखा आवाज पार बंद केला आणि पाहिलं. माझे हात, सुई, निळा तुकडा. छान दिसत होतं. फोन परत देताना मी म्हटलं, "टाका की."

त्या वेळी वन्संनी माझा आवाज ठेवला होता, पहिल्यांदाच. त्यांना वाटलं, मी ऐकलंय.

चौथ्या दिवशी दादाचा फोन आला. "शके, सगळ्या गावानं ऐकलं. पोरीच्या सासरच्यांनी ऐकलं. मी तुजी शाळा मोडली म्हणून लोकं मला बोलायल्यात. माझ्या दारात येऊन सांगायचं हुतंस की." दादाचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता. मला काय झालंय तेच कळेना. मग 'ऐकलं' या शब्दावरून उमगलं, या वेळी व्हिडिओत माझा आवाज ठेवलेला होता. आणि मी म्हणाले… मी म्हणाले, "मला न दाखवता टाकलं वन्संनी."

एवढं एकच वाक्य. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

दादाने लगेच वन्संना फोन लावला. मी अंगणाच्या या टोकाला होते, वन्सं पलीकडच्या टोकाला. त्या कानाला फोन लावून उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या. दादा काय काय बोलला ते मला नंतर वहिनीकडून कळलं. घरं फोडणारी म्हणाला. नवरा नाही म्हणून रिकामे धंदे सुचतात म्हणाला. वन्संनी एकदाही सांगितलं नाही की तुमच्या बहिणीने हो म्हटलं होतं. फोन ठेवला, तिथंच जात्याच्या दगडावर बसून काहीतरी केलं आणि माझ्या दाराशी आल्या. "वयनी, काढून टाकला," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं नाही. त्यांचा तो सगळ्यांत जास्त लोकांनी बघितलेला व्हिडिओ होता, हे मला प्राजक्ताने पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

त्यानंतर मी त्यांना टाळू लागले. नळाला त्या असल्या की मी कळशी घेऊन मागे फिरायची. चूक माझी आणि तोंड मीच लपवत होते. त्यांनी मात्र कधी बोलणं तोडलं नाही. जाता-येता "वयनी, मटकी भिजत घातलीय, मोड आलं की देते," असं म्हणायच्या आणि द्यायच्याही. माझे हात मात्र त्यांनी पुन्हा मागितले नाहीत.

मग त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, निदान उशिरा झालं. कारखाना सुटला, स्कूटी अंगणात उभी राहिली. मी पेज करून न्यायची, कपाळावर हात ठेवायची, केस विंचरायची, पण ती एक गोष्ट ओठांवर यायची नाही. थंडी सोसेना म्हणून मी तीच वाकळ त्यांच्या अंगावर घातली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी बोटांनी तो निळा तुकडा चाचपला. म्हणाल्या, "हितं मला थांबायचं हुतं, वयनी. लई घाईत कापलं. ह्या निळ्यावर जरा थांबाय पायजे हुतं…" मी म्हटलं, "वन्सं, त्या वक्ताला मी…" त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगलाय. तुमाला ठाव न्हाय." आणि डोळे मिटले. मला वाटलं, जाग्या झाल्यावर बोलू. जाग आली तेव्हा शेजारच्या बाया आल्या होत्या. त्यानंतर आम्हा दोघींनाच अशी वेळ मिळाली नाही. दोन दिवसांनी त्यांना बारामतीच्या दवाखान्यात हलवलं, आणि मग तो फोटोच आला.

तेराव्यानंतर प्राजक्ता आली. हातात आईचा फोन. "मामी, फोन भरलाय. सगळं दुसरीकडं ठेवतीय. तुमचा व्हिडिओ हाय ह्यात. ठेवू का पुसू? आई म्हणली हुती, मामीला दाखवल्याबिगर कायबी करायचं न्हाय." मामंजी ओट्यावर होतेच. मी आवाज मोठा केला आणि पहिल्यांदा स्वतःला ऐकलं.

दादाचं ते वाक्य आलं. पण त्याच्या पुढंही मी बोलले होते, हे मला आठवतच नव्हतं. सुई कापडातून ओढल्याचा आवाज येतो आणि मी म्हणते, "दादाला तरी काय कळत हुतं, त्यो बी पोरच हुता. शाळेतनं आला की रोज माझ्यासाठी पाटीवर धडा लिवायचा. चार महिनं लिवला. मीच म्हणलं, आता नगं." मग मागून वन्संचा हळू आवाज येतो, "व्हय का…" आणि संपतं. वन्संनी हे सगळं राखलं होतं. लोकांनी पहिलंच वाक्य उचललं, पुढचं ऐकलं नाही. दादानेही नाही. आणि मी तर काहीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताकडून फोन मागून घेतला आणि एकटीच एसटीने काटेवाडीला गेले. भाऊबीजेलाही गेले नव्हते, त्यामुळे वहिनी दारात बघतच राहिली. दादा गोठ्यात होता. मी म्हटलं, "दादा, बस. शेवटपातूर बघायचं." तो म्हणाला, "ते कशाला आता?" पण बसला. पाटीचं आलं तेव्हा त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे मी ऐकलंच न्हाय," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, वन्संनी मला दाखवलं हुतं. मी आवाज न लावता बघितलं आन मीच टाका म्हणलं. तुला खोटं बोलले."

"का?"

"भ्याले."

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्याला लावला. मग म्हणाला, "त्या बाईला मी काय काय बोललो, शके… आता कुणाला सांगू?" वहिनीने चहा आणला. आम्ही दोघांनी तो प्यायला. निघताना दादा एसटीच्या थांब्यापर्यंत आला आणि म्हणाला, "टाक परत. काढू नगंस." तो व्हिडिओ आता 'शेजारपाजार'वर आहे. निळ्या तुकड्यावर प्राजक्ता जरा थांबली आहे, तिच्या आईला हवं होतं तेवढं.

वन्संचा फोन लावायचा स्टँड प्राजक्ताने माझ्याकडे ठेवला आहे. ठिबकच्या कामातून उरलेला पाइप, रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला. फोनची पकड त्यावर वरखाली सरकते. कुणासाठी किती उंचीवर लावायची, याची खूण म्हणून वन्सं त्या माणसाच्या घरचीच एखादी चिंधी पाइपला बांधायच्या. मेथीवाल्या मावशींची हिरवी, म्हाताऱ्याच्या धोतराची पांढरी, दारं धरणारीची अगदी तळाशी. माझी जांभळी, मांडीवरच्या हातांच्या उंचीला. परवा तो पुसायला घेतला तेव्हा दिसलं, माझ्याच जांभळ्या लुगड्याची आणखी एक चिंधी वर बांधलेली आहे. गाठ नवी आहे, सैल, हातात बळ नसताना मारलेली.

मी समोर पाट टाकून बसले. चिंधी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली.

पकड अजून मी तिथं सरकवलेली नाही. पण अंगण झाडताना स्टँड उचलावा लागतो, तेव्हा ती गाठ सुटू नये म्हणून मी तो खालून धरते.