गडग्यापाशी बसणारी इरा

“वयनी, हे तुम्ही बघितलंय की ऐकलंय?”

नऊ वर्षांच्या पोरीने साठीच्या बाईला असं विचारायचं म्हणजे काय? आमच्या पार्से गावात मोठ्यांनी सांगायचं आणि लहानांनी मान डोलवायची, अशी रीत. इराला ती रीत कोणी शिकवलीच नव्हती. मी सहज म्हणावं, मांजर आडवं गेलं की काम होत नाही, की हिने पापणी न हलवता हा प्रश्न टाकावा. बघितलंय म्हणावं तर खोटं, ऐकलंय म्हणावं तर आपलाच मान कमी. सुरुवातीला मला तिचा भारी राग यायचा.

इराचा बाप जवळच्या तुये गावातल्या औषधांच्या कारखान्यात कामाला. माणसं मूळची गडहिंग्लजकडची. माझे यजमान गेल्यावर घराची एक बाजू रिकामीच पडली होती, ती मी त्यांना भाड्याने दिली. इराची आई मेघा चांगली शिकलेली, पण तिने पोरीला शाळेत घातलं नव्हतं. घरीच शिकवायची. म्हटलं, आता हे कसलं नवीन खूळ? शेजारणी मला हळूच विचारायच्या, “पोरीक काय दुखणां आसा गो?” मी म्हणायची, “तिला काही नाही. तिचे प्रश्न ऐकून दुखणं मलाच लागेल.”

वयनी म्हणजे वहिनी. माझा दीर बाबलो अंगणापलीकडच्या खोलीत एकटाच राहतो, काजूची बाग बघतो. तो मला वयनी म्हणतो, म्हणून इराही वयनीच म्हणू लागली. मी एकदा सांगून पाहिलं, “अगं, मावशी तरी म्हण.” तर म्हणाली, “पण तुमचं नाव तर वयनी आहे.” पुढे मीच नाद सोडला.

सकाळचं वाचन-गणित आटोपलं की ती भाटात, म्हणजे घरामागच्या माडांच्या बागेत. तिथे तिने तांबड्या भाजीचे तीन वाफे केले. एकाला शेणखत, एकाला मासळी धुतलेलं पाणी, एकाला नुसतं विहिरीचं. मासळीच्या पाण्याचा वाफा मांजराने उकरून ठेवला. मी मांजराच्या सात पिढ्या उद्धरल्या. इरा म्हणाली, “हेही कळलंच ना वयनी. मासळीचं पाणी घातलं की मांजर येतं.” शेणखताच्या भाजीचे देठ अंगठ्याएवढे जाड झाले, तरी तिचं समाधान नाही. “एकदाच बघितलंय. अजून एकदा लावायला हवी.”

आणि काहीही सापडलं की ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. लिंबोणीवर शिंजिराचं घरटं दिसलं, तर भाकरी थापत असलेल्या मला पिठाच्या हातांसकट ओढत नेलं. पोस्टमनलाही नेलं. तिचा सगळ्यांत लाडका प्रेक्षक मात्र बाबलो. आमचा बाबलो बोलायला कंजूष, त्यात लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. ती पोर आली आणि माणूस बागेतून येताना खिशात काहीबाही घेऊन यायला लागला. कधी मोरपीस, कधी सापाची कात, कधी नुसतीच वेगळी दिसणारी काजूबी. “बाय, ह्या बघ,” म्हणून तिच्या हातावर ठेवायचा आणि ती काय बोलते ते उभ्या उभ्या ऐकत राहायचा. मी त्याला चिडवायची, “म्हातारपणी शाळेत नाव घातलंस रे.”

त्या उन्हाळ्यात माझ्या गाईचं, तांबूचं, दूध आटलं. गोठ्यामागे चिऱ्यांचा गडगा आहे, दगडावर दगड रचलेलं जुनं कुंपण. त्यात एक धामण राहायची, चांगली पुरुषभर लांब. मी निदान केलं, धामण दूध पिते. गाईच्या पायांना विळखा घालते आणि आचळाला तोंड लावते, हे कोणाला ठाऊक नाही? बाबलोही म्हणाला, “मारूक होयी ती.” आणि इराचा प्रश्न आलाच. बघितलंय की ऐकलंय?



तिने संध्याकाळी माझ्या चुलीतली राख मागून घेतली, चाळली आणि गोठ्यात तांबूच्या चहूबाजूंनी पसरली. सकाळी आम्हा सगळ्यांना दाराशीच थोपवून ती एकटी वाकून बघत आत गेली. राखेत सापाची एकही रेघ नव्हती. होत्या त्या इवल्या खुरांच्या खुणा, वासराच्या खुंट्यापासून तांबूपर्यंत आणि परत. तांबूची पाडी, म्हणजे तिचं वासरू, दाव्यातून मान सोडवून घ्यायची, पोटभर प्यायची आणि शहाण्यासारखी जागेवर येऊन बसायची. दावं सैल दिसायचं तेव्हा मी रोज बाबलोला बोल लावायची, गाठ नीट मारत नाहीस म्हणून. बाबलो आयुष्यात एवढा हसलेला मी बघितला नव्हता. मीही हसले, आणि त्या दिवसापासून मला त्या प्रश्नाचा राग येईनासा झाला. खरं सांगायचं तर अभिमान वाटायला लागला, जणू पोर माझीच.

धामण वाचली, असं आम्ही धरून चाललो. इरा रोज सकाळी गडग्यापाशी जाऊन बसायची. ऊन कुठल्या चिऱ्यावर आलं की धामण बाहेर येते, किती वेळ पडून राहते, कोणत्या भोकातून परत जाते, सगळं तिला पाठ. बाबलोला तिने हात धरून ते भोक दाखवलं. तोही मान डोलवत बघून आला. पण येताना मला म्हणाला, “दूध पियेना, ता मानलंय वयनी. पण शेपटीचो फटको बसलो तर अंग सडता म्हणतत.” मी म्हटलं, “म्हणतात ना? बघितलंय कोणी? मग झालं.”

पुढच्या शुक्रवारी मी, मेघा आणि इरा म्हापशाच्या बाजाराला गेलो. पावसाळ्याची बेगमी करायची होती, मिरच्या, सोलं, सुकी मासळी. आदल्या दिवशी बाबलोने इराला गडग्यापाशी पाय पसरून बसलेली बघितलं होतं, धामण हातभर अंतरावर. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे त्याने मला नंतर सांगितलं.

आम्ही परतलो तर तो अंगणातच उभा. चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं. इरासमोर वाकून म्हणाला, “बाय, आता बिनघोर खेळ. मारलंय तिका.”

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. “अरे मेल्या, राख तुला दाखवली होती ना पोरीने?”

“बघितलंय मगे राख. पण हिका काय झाला असता तर?”

इरा रडली नाही. तिने विचारलं, “कुठे पुरलंत?” त्याने माड दाखवला. ती तिथे उभी राहिली, मग पुन्हा आली. “पण काका, तुम्हाला ती सापडली कशी? माणसाची चाहूल लागली की ती आत जाते.”

“तूंच सांगितलंस मगे बाय,” बाबलो अगदी निर्मळपणे म्हणाला. “ऊन त्या चिऱ्यार इला की भायर येता, आनी त्या भोकातसून आत जाता. मी भोकाकडेच उभो रवलंय.”

तेव्हा तिचा चेहरा जसा झाला, तसा पुन्हा कोणा लहान मुलाचा बघायची पाळी माझ्यावर न येवो.

बाबलोवर ती रागावली नाही. बोलायची, त्याने आणलेलं हातात घ्यायची, “छान आहे” म्हणायची. भाजी लावायची, मुंग्यांमागे जायची, सगळं पहिल्यासारखं. फक्त आम्हाला ओढून न्यायचं थांबलं. एकदा ती शेवग्याखाली मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. मी विचारलं, “काय गं, घरटं आहे का?” तर म्हणाली, “काही नाही, वयनी.” होतं. पिल्लं मोठी होऊन उडाली तेव्हा मला दिसलं. मला पिठाच्या हातांसकट ओढत नेणारी ती पोर माझ्या डोळ्यांदेखत हरवली, आणि मी काही करू शकले नाही. बाबलो तर मला चारचारदा विचारायचा, “बाय आता कायच दाखयना कशी?” मी म्हणायची, मोठी होतेय.

वर्षभराने बापाला कोल्हापुरात नोकरी लागली आणि ती माणसं गेली. निघताना इरा बाबलोच्या पाया पडली. तो टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभा होता.

परवा सकाळी बाबलो धावत माझ्या दारात आला. या वयात त्याला धावताना बघून मी हातातलं काम टाकून उठले. “वयनी, गडग्यात धामण इली. नवी. मी हात लावूक नाय. बायक फोन कर, खूश जातली.”

मी लगेच फोन लावला. इराचा आवाज आता बदललाय, मोठ्या मुलीसारखा झालाय. मी म्हटलं, “अगं, धामण आलीय गडग्यात. गोठ्याकडून बघितलं ना, की तो जो...”

“थांबा वयनी,” ती म्हणाली. “कुठे आहे ते नका सांगू. मलासुद्धा नको.” मग म्हणाली, “कोणालाच नका दाखवू.”

मी बरं म्हटलं. तब्येतीची चौकशी केली, फोन ठेवला. बाबलो उंबऱ्याशी तसाच उभा होता.

“काय म्हणाली? खूश झाली मगे?”

“झाली हो,” मी म्हटलं. “खूप खूश झाली.”