अक्कांचा नकार आणि नवे फोन

आमच्या संस्थेत दादांच्या तोंडावर कुणी 'न्हाई' म्हणत नसे. दादा म्हणजे आमचे अध्यक्ष. रागीट वगैरे मुळीच नाहीत, उलट माणूस लई मऊ. पण त्यांच्या वडिलांनी पहिली शाळा काढली, निम्म्या लोकांना नोकरीला लावलं. अशा माणसासमोर चारचौघांत 'हे जमणार नाही' म्हणणं आमच्याकडे उद्धटपणात मोजतात. त्यामुळे महिन्याच्या मीटिंगला बीडच्या ऑफिसात सगळे जमायचे, अंबाजोगाईच्या कॉलेजचे प्राचार्य, पालीच्या शाळेचे गुरुजी, परळीच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अक्का, आणि दादा जे म्हणतील त्याला एका सुरात 'हो दादा' म्हणायचे. मग मीटिंग सुटली की पाणी पिण्याच्या निमित्ताने एकेक जण माझ्या टेबलापाशी यायचा आणि खरं काय ते बोलायचा.

मी तिथली हेडक्लार्क. दादांचा संध्याकाळचा चहा शिपायाच्या हाती न देता मीच आत न्यायचे, तो त्यासाठीच. कप ठेवता ठेवता म्हणायचे, "दादा, पालीच्या वाचनालयाचं जरा बघा हं. गुरुजींचा जीव हाय त्यात." दादा चहाचा घोट घेत "हं" म्हणायचे. पुढच्या मीटिंगला तेच दादा, जणू रात्रभर स्वतःच विचार केला होता अशा थाटात, सांगायचे, "वाचनालय राहू द्या. मीच म्हणतो." सगळे पुन्हा 'हो दादा'. पुढची मीटिंग होईपर्यंत कुठलाच ठराव हलवायचा नाही, हा अलिखित नियम. तो मधला महिना नकारासाठी मोकळा ठेवलेला असायचा. बाहेरच्याला हसू येईल, पण गाडं नीट चाललं होतं.

आणि मग आले फोन.

दादांच्या डोक्यात आलं, की एवढ्या लांबून माणसं बोलवायची, दिवस मोडायचा, रस्त्यांची ही तऱ्हा, कशाला? प्रत्येकाच्या टेबलावर फोन देऊ, ऑफिसात मीटिंगचा एक मोठा फोन ठेवू, आठवड्याला बसल्या जागी बोलू. संभाजीनगरहून विक्रेता आला, पेटीभर नमुने घेऊन. त्याने ते माझ्याच टेबलावर मांडले. एवढीशी जागा नाही ठेवली मेल्याने, माझी पाण्याची बाटलीसुद्धा खाली जमिनीवर ठेवली. काळे, करडे, पडद्याचे, बिनपडद्याचे. म्हणे, "मॅडम, टेबलावरचा फोन, मोबाइल आणि कॉम्प्युटर, तिन्हीवर एकच नंबर वाजणार. साहेब कुठंही असू द्या, बटण दाबलं की थेट साहेब."

"थेट?" मी विचारलं.

"थेट. मधी कुणीच नको."

निवड करायला अक्का, प्राचार्य, गुरुजी सगळे मुद्दाम आले होते. खरं सांगते, लई मजा आली त्या दिवशी. गुरुजींना मोठ्या आकड्यांचा फोन पाहिजे होता. प्राचार्यांना रंगीत पडद्याचा, कारण तो भारी दिसत होता. अक्का मात्र प्रत्येक रिसीव्हर उचलून कानाला लावून बघत होत्या. "ह्यो हलका हाय बाई, पोरींनी ओढला तर तुटंल," असं म्हणून त्यांनी जडच पसंत केला. परळीला वीज गेली तर फोन चालणार का, हेही त्यांनीच विचारलं. विक्रेता म्हणाला, "परळीत तर वीज तयार होते की!" अक्का म्हणाल्या, "तयार व्हतीय खरी. पण दिव्याखाली अंधार असतोय, बाळा." सगळे हसले. शेवटी परळीसाठी इन्व्हर्टरही मंजूर झाला.

मीटिंगचा फोन म्हणजे तीन पायांचा, पोळपाटाएवढा. तो मध्यभागी ठेवून विक्रेत्याने आम्हाला खोलीच्या चारी कोपऱ्यांत उभं केलं आणि बोलायला लावलं. दादा शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. "शब्दन् शब्द कळतोय!" ते ओरडले. विक्रेता म्हणाला, पंख्याचा आवाज, खुर्च्यांचा आवाज, खोकणं, खाकरणं, सगळं हा फोन गाळून टाकतो, फक्त बोललेलं पुढे पाठवतो. आम्ही माना डोलावल्या. आवाज कसा जाईल, तार कुठून येईल, रंग कोणता, सगळं आम्ही बघितलं. नकार कुठून जाईल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? नकारासाठी काही वेगळी सोय करावी लागते हेच कुणाला माहीत नव्हतं.

अक्कांविषयी सांगायला पाहिजे. वसतिगृह निघालं तेव्हापासून त्या तिथेच राहायच्या. सासर सुटलेलं, पालीला भाऊ-भावजय. घर म्हणाल तर वसतिगृहातली कोपऱ्यातली खोली. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला गेले की पोरी त्यांच्याकडे यायच्या, आणि फडावरून माणसं परतेपर्यंत राहायच्या. तेवढे महिने शाळा सुटायची नाही, एवढंच त्या वसतिगृहाचं काम. पोरींच्या केसांतल्या उवा काढण्यापासून ते पहिल्यांदा कपडे खराब झाले तर रात्री शेजारी निजण्यापर्यंत सगळं अक्काच. मला अगं-तुगं करायच्या. त्यांच्या हातच्या धपाट्यांचा डबा मीटिंगला आला नाही तर मी दिवसभर फुरंगटून बसायचे.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली मीटिंग. तीन पायांचा फोन मध्ये, दादा समोर, मी टिपणं घ्यायला बाजूला. दादांनी विषय काढला. गावोगाव आता पोरांच्या राहण्याजेवणाच्या हंगामी सोयी झाल्यात, आपल्याकडे पोरी कमी येतात, इमारत अर्धी रिकामी. एक क्लासवाले मागतायत. "परळीचं वसतिगृह यंदापासून बंद करावं म्हणतो. कुणाला काही बोलायचंय?"

प्राचार्य म्हणाले, "हो दादा." गुरुजी म्हणाले, "हो दादा." परळीकडून काही नाही.

"अक्का?"

"हो दादा," अक्का म्हणाल्या.

आवाज अगदी स्वच्छ आला. समोर बसलेल्या असत्या तर त्यांनी पदर आवळला असता, खुर्ची मागे सरकवली असती, माझ्याकडे बघितलं असतं. दादांनाही ते दिसलं असतं. त्यातलं काहीच आलं नाही. दादांनी बटण दाबलं आणि मीटिंग संपली. पाणी प्यायला कुणी आलं नाही.

मी चहा घेऊन गेले. म्हटलं, "दादा, अक्कांना हे पटलेलं नाही."

"तुमाला काय म्हणल्या का त्या?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मला कळतं."

दादा हसले. चिडले नाहीत. "बाई, एवढं करून प्रत्येकाच्या टेबलावर फोन दिला तो कावून? आता कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं न्हाई. अक्कांना वाटतंय ना, मग अक्कांनी बोलावं. मी काय खातो का त्यांना?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. बाहेर आले आणि परळीला फोन लावला. अक्कांनी उचलला तो रडतच. "अगं, मला वाटलं मागून तुला सांगावं. पर मीटिंग तर कटूनच गेली."

"अक्का, आता मला सांगून भागणार नाही. थेट दादांना लावा. आत्ता."

"म्या? दादांना? न्हाई म्हणू?"

"हो, म्हणा! जीभ झडत नाही!" मी खेकसले. तशा त्या हसल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. लावते."

मी लगेच काहीतरी कागद घेऊन दादांच्या खोलीत गेले. कानाने ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. आत क्लासवालेच येऊन बसले होते, शिवाय गावातली दोन मोठी माणसं. फोन वाजला. पडद्यावर परळी आलं. दादांना रिसीव्हर उचलायचा कंटाळा. त्यांनी नव्या फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. सगळ्यांनाच ती सवय लागली होती. "बोला अक्का, बोला! हे बघा, इथं तुमचंच कौतुक चाललंय. समदे बसलेत."

मी मनात म्हणत होते, बोला, अक्का, बोला हो.

"काय न्हाई दादा," अक्का म्हणाल्या. "सहज केलता. तब्येत बरी हाय ना?"

"एकदम बेस!" दादा म्हणाले. अक्कांनी फोन ठेवला.

मी तिथंच तोंड उघडायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल. चारचौघांत? दादांसमोर? मीही त्याच मातीतली. संध्याकाळी एकटे सापडतील म्हणून थांबले तर ते त्याच माणसांबरोबर गाडीत बसून गेले, आणि जाता जाता शब्द देऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "बाई, अक्कांनी काल स्वतः फोन केलता की. तुमीबी व्हता. आता दिलेला शब्द मागं घेऊ का?" मधला तो मोकळा महिनाच उरला नव्हता. सगळं जलद व्हावं म्हणून तर फोन घेतले होते. आग लागो त्या जलदपणाला.

अक्का सामान घेऊन पालीला भावाकडे गेल्या. पोरींच्या आईबापांना निरोप गेले. काहींची गावातल्या सोयीत नावं लागली, काहींची नाही.

पौष-माघातली गोष्ट असेल. दादा बाहेरून आले आणि आपल्या खोलीत न जाता माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. असे ते कधी बसले नव्हते. रस्त्यात उसाची गाडी आडवी आली म्हणून त्यांनी जीप थांबवली होती. गाडीवर बसलेल्या पोरीने ओळखून 'नमस्ते दादा' म्हटलं. गॅदरिंगला भाषण करणारी परळीची पोरगी. शाळेचा स्वेटर अंगात, शाळा मात्र सुटलेली.

हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. अक्कांना मान्य नव्हतं?"

"नव्हतं."

"मग म्हणल्या कावून न्हाईत? एक शब्द म्हणल्या असत्या ना, नुसतं 'नको दादा' म्हणल्या असत्या, तर म्या त्या इमारतीला हात लावला नसता. वडिलांची शपथ." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते खोटं बोलत नव्हते, मी त्यांना आयुष्यभर बघितलंय. त्यांनी क्लासवाल्यांशी बोलून पाहिलं, पण करार झालेला, भिंती पाडून हॉल केलेला. व्हायचं ते होऊन बसलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी पालीहून अक्कांचा फोन आला. भावजयीचं, गुडघ्याचं, धरणाला पाणी किती आहे त्याचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "अगं, एक इचारू? दादा कधी काय म्हणले का, होस्टेलाचं?"

मी रिसीव्हर घट्ट धरला. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"नाही हो अक्का. काही नाही म्हणले."

"बरं झालं बाई," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "म्हंजी ठरलंच व्हतं त्यांचं. रात्रीची झोप न्हाई मला, वाटायचं, म्या बोलले असते तर. पर म्या बोलून काय फरक पडला असता?"

"काहीच नाही, अक्का," मी म्हटलं. "काहीच फरक पडला नसता."