साडूंची रंगीत तालीम

प्रत्येक प्रवास दोनदा करणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो माझ्याच वाट्याला साडू म्हणून यावा हे माझं भाग्य. माझी गोष्ट निराळी. मी एकदाही धड पोचत नाही. तळेगावच्या काचेच्या कारखान्यात कारकुनी करणारा मी चिंचवडला सासुरवाडीला निघालो की हटकून झोपायचो आणि शिवाजीनगरला जागा व्हायचो. साडू मात्र चिंचवडच्या गावठाणातून कुठंही निघायचे ते आधी एकटेच, रंगीत तालीम म्हणून. तीच गाडी, तीच वेळ, आणि ट्रंकसुद्धा तीच. फक्त तिच्यात कपड्यांऐवजी तेवढ्याच वजनाच्या विटा.

एकदा चाकणला कुणाचं तरी लग्न होतं. हे चार दिवस आधी, बरोबर मुहूर्ताच्या वेळेला मांडवाच्या जागी हजर. तिथं मांडव कुठला, नुसती मेढी रोवायची खटपट चाललेली. नवरीचा बाप घाबरून धावत आला.

"पाव्हनं, लगीन सोमवारी हाय! आज कसं काय आलात?"

"ठाऊक आहे. आज नुसतं पोचून बघतोय."

"मंग जेवून बी बघा की!"

"जेवण सोमवारी," असं म्हणून साडूंनी आपला डबा उघडला, तिथंच एका दगडावर बसून खाल्ला आणि परतीच्या गाडीची वेळ वहीत टिपून घेतली. सोमवारी मुहूर्ताच्या आधी दीड तास पोचलेले तेच एक पाहुणे. मी अक्षता संपल्यावर पोचलो.

गाव हसायचं, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. एकदा मी हसत असताना आमच्या हिनं मला कोपरखळी मारली आणि घरी आल्यावर सांगितलं. साडूंना एकच मुलगी झाली होती. सहा वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. पुण्याला न्यायला म्हणून ते तिला खांद्यावर टाकून मुंबई रस्त्यावर मोटारीची वाट बघत उभे राहिले. मोटारीची वेळ आठवड्यापूर्वीच बदलली होती. ती यांना माहीत नव्हती. एवढंच. त्यानंतर मी हसायचं सोडलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण सोडलं नाही. थोडं हळू हसायला लागलो.

अशात बापूचं पत्र आलं. बापू म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांचा एकुलता एक भाऊ. आफ्रिकेत रेल्वेत होता, तो नऊ वर्षांनी घरी येणार, आणि तोही विमानानं! आक्का, म्हणजे साडूंची मंडळी, जन्मात काही मागणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तो समुद्र वरून बघत येईल. मला एकदा खालून तरी बघू दे."

झालं! साडूंना ते वाक्य म्हणजे सरकारी हुकूम. बेत ठरला : आदल्या दिवशी दादरवरून सांताक्रूझ, विमानतळाजवळ लॉजमध्ये मुक्काम, बापू उतरला की सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून मोटारीनं अलिबाग, आणि चार दिवस समुद्र. लॉजला पत्र टाकायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

तालमीला अर्थात ते एकटेच गेले, विटांची ट्रंक घेऊन. विमानतळाच्या फाटकापासून लॉजपर्यंत पावलं मोजत असताना शिपायानं अडवलं, ट्रंक उघडायला लावली.

"विटा? विटा कशाला आणल्या?"

"कपडे पुढच्या महिन्यात येणार आहेत," साडूंनी खरं ते सांगितलं. अर्धा तास बसवून ठेवलं त्यांना. तो अर्धा तासही त्यांनी वहीत मांडला. तिथून रेवस, रेवसहून अलिबाग. वाळू वीस पावलांवर दिसत होती, तिथून ते मागे फिरले.

"अहो, एवढं गेलात तर वाळूत पाय तरी टाकायचा!" मी म्हटलं.

"वाळूत हिच्याबरोबर," ते म्हणाले. मग चष्मा पुसत विचारलं, "साडूभाऊ, लॉजला पत्र टाकलंत?"

"टाकलं."

"कुठल्या रात्रीसाठी?"

"आता मी काय कुकुलं बाळ आहे?" असं मी फुरंगटून म्हणालो. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

डॉक्टरांनी त्यांना जड उचलायची बंदी केली होती, हे आम्हांला कळलं ते फार उशिरा. तालमीहून आल्यावर आठव्या दिवशी ते चिंचवड स्टेशनवर बाकावर बसले होते, गाडीच्या तासभर आधी. गाडी वेळेवर आली. हे उठले नाहीत. दुसरीही गेली. स्टेशनमास्तर मला म्हणाले, "मला वाटलं, तालीमच चाललीय."

तेराव्याला बापूच्या विमानाला तीन दिवस उरले होते. अस्थींचं मडकं परसातल्या शेवग्याला टांगलेलं होतं. आळंदी तिथून हाकेवर. भटजींनी तेच सुचवलं. आक्का म्हणाली, "आळंदीला त्यांची तालीम झाली नाही. समुद्राची झालीय." आणि साडूंच्या वहीतला बेताचा कागद फाडून माझ्या हातात दिला.

कागदात सगळं होतं. 'मी : गाडीत दाराजवळ, सामानावर लक्ष ठेवायला.' आक्कानं मडकं फडक्यात बांधून दाराजवळ, ट्रंकेवर ठेवलं.

कागदाप्रमाणे मंगळवारी संध्याकाळी आम्ही लॉजवर पोचलो आणि माझं पत्र माझ्यासमोर आलं. बापूनं लिहिलं होतं, बुधवारी रात्री तीन वाजता. आमच्या घरात वार बदलतो तो सूर्य उगवल्यावर, म्हणून मी खोली मागितली बुधवारच्या रात्रीची. विमानवाल्यांचा वार बदलतो मध्यरात्री. म्हणजे विमान त्याच रात्री, आणि आमची खोली उद्या! लॉज भरलेलं. पांढऱ्या कपाळाची आक्का, आमची ही, फडक्यातलं मडकं आणि मी. असं वाटलं की विटांच्या ट्रंकेत मलाच घालावं.

मॅनेजरनं नाव विचारलं. मी साडूंचं सांगितलं. तो वही चाळून म्हणाला, "तुमची मंगळवारची खोली आहे की! हे गृहस्थ स्वतः येऊन सांगून गेलेत. म्हणाले, पत्र येईल ते चुकीचं असेल, पण पत्र लिहिणाऱ्याला बोलू नका."

आक्का त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मला हसता आलं नाही.

पुढं सगळं कागदासारखंच झालं. बापू आला, मडक्यापुढं डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. 'धक्क्यावर साडूभाऊ हरवतील, दहा मिनिटे राखावीत' असं लिहिलं होतं. मी आठ मिनिटांत सापडलो. अलिबागला वाळू वीस पावलांवर आली तेव्हा आक्का थांबली, मडकं तिनं स्वतः घेतलं आणि वाळूत पाय टाकला. भरती कधी, तेही कागदात होतं. बापू कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

आम्ही चौघं वाळूत बसलो. ऊन उतरलं. थोड्या वेळानं आक्कानं विचारलं, "आता काय लिहिलंय?"

मी कागद उलटला. ज्या माणसानं साऱ्या जन्मात परतीची गाडी पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता, त्यानं मागं एकच ओळ लिहिली होती. 'परतीचं हिला विचारून.'

आक्कानं पाण्याकडं बघितलं. मग पदर पायांवर ओढून घेत म्हणाली, "मग अजून थोडं बसू."