आईसाठी लावलेला कर्फ्यू

म्हातारपणी आई एवढी खणखणीत कशी राहिली, असं नातेवाईक विचारतात. चंदीगढची हवा, तिथलं तूप आणि मी आणलेलं टॉनिक, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आज खरं सांगून टाकतो.

वडील गेल्यावर आईला मी साताऱ्याहून चंदीगढच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. पंजाबात तेव्हा रोज माणसं मारली जात होती. आईची गट्टी जमली ती तळमजल्यावरच्या सरदारणीशी. तिला सगळे बीजी म्हणत. हिवाळ्यात समोरच्या पार्कात खाट टाकून दोघी उन्हात मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या. आईच्या हिंदीला सगळा पार्क हसायचा, सगळ्यात मोठ्यानं आई.

एकदा माझ्या साहेबांच्या बायकोनं मला गाठलं. "आपकी माताजी तो सबके साथ खाट पे बैठ जाती हैं. बड़ी सिंपल हैं!"

झालं. माझी सगळी अब्रू त्या खाटेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं, "कर्फ्यू लागलाय. खाली उतरायचं नाही." शहरात तो अधूनमधून लागायचाच.

"मग तू कुठे निघालास?"

"सरकारी माणसांना पास असतो." मी ऑफिसचं ओळखपत्र नाचवलं. रेडिओचे सेल काढून ठेवले, हिंदी पेपर बंद केला. इतकं नेटकं काम मी ऑफिसात कधी केलं नाही.

"आणि तो मटारवाला ओरडतोय खाली? त्यालाही पास दिला का रे तुमच्या सरकारनं?"

म्हणजे तिला कळलं होतं. तरी ती उतरली नाही. मुलाच्या घरात राहणारी विधवा बाई, भांडून जाणार कुठे? हा हिशेब मीही केलाच होता.

तीन आठवड्यांत ती विझली. केस विंचरेना, विणकाम कोपऱ्यात पडलं. डॉक्टर म्हणाले, "दवा नहीं चाहिए. धूप में बिठाइए, लोगों में बिठाइए." मी टॉनिक घेऊन आलो.

मग एका सकाळी बीजी गुडघे धरत तीन मजले चढून आली. तिचा भाऊ गावी गोळीबारात गेला होता. त्याचे दिवस करून ती आदल्याच दिवशी परतली होती. हातात मटारची पिशवी.

"भैणजी, मैं पिंड गई सी. तुसी थल्ले क्यों नहीं आए?" मी गावी गेले होते, तुम्ही खाली का आला नाहीत, असं ती विचारत होती.

आईनं माझ्याकडे बघितलं. "काय साहेब, उठवता का कर्फ्यू?"

"कर्फ्यू? केहड़ा कर्फ्यू?" बीजी म्हणाली.

"उठला," मी म्हणालो.

आई कंगवा शोधायला गेली.

आठवड्याभरात ती पहिल्यासारखी बोलू लागली आणि मी गावभर टॉनिकचे गोडवे गायले. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत बाटली सापडली. सील शाबूत.

पुढे आयुष्यभर घराबाहेर पडताना ती विचारायची, "साहेब, आज कर्फ्यू नाही ना?" पाहुणे हसायचे, मीही हसायचो. बीजी ते जिने चढली नसती, तर मी तो आपणहून उठवला असता का? नसता.