तुलनेचा गट

विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात प्राध्यापक आले-गेले, पाहणीवाल्या बाई मात्र तिथेच राहिल्या. छोट्या धंद्यांवर संशोधन करायचं म्हणजे कुणीतरी दुकानोदुकानी चपला झिजवायला हव्यात, आणि ते काम कायम बाईंच्या गळ्यात. त्यांची तक्रार नव्हती. माणसं त्यांच्याशी मोकळी व्हायची. नवरा म्हणायचा, "तुझ्यापुढे दगडसुद्धा आपलं रडगाणं गाईल."

त्या वर्षी विभागातल्या सरांनी नवा अभ्यास हाती घेतला. धंदा शिकवल्याने खरंच फरक पडतो का, हे बघायचं. दुकानदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना लगेच शिकवायचं, उरलेल्यांना तीन वर्षांनी. तोवर हे उरलेले म्हणजे तुलनेचा गट. त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, उतरवून घ्यायचं आणि तोंडाला कुलूप लावून परत यायचं. यात बाईंना आधी काही वावगं वाटलं नाही, कारण चिठ्ठीतली नावं तोवर नुसती नावंच होती.

पडदे शिवणारी या दुसऱ्या गटात आली. हातात कला, पण व्यवहार अगदीच भोळा. लोक खिडकीची मापं देऊन जायचे, ही लगेच कात्री चालवायची, आणि मग कितीतरी जण पुन्हा फिरकायचेच नाहीत. एका खिडकीचा पडदा दुसरीला थोडाच होतो! दुकानात बेवारशी पडद्यांची थप्पी वाढत होती. पहिल्या गटाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला हवं, असं शहाणी माणसं म्हणतील. ज्याला सुचत नाही, त्याला हवंच असतं. बाईंनी तो वर्ग मागच्या बाकावर बसून ऐकला होता.

"ताई, तुम्ही एवढी दुकानं फिरता," दुसऱ्या खेपेला पडदेवालीने स्टूल पुढे सरकवत विचारलं, "माझं चुकतंय तरी कुठं?"

उत्तर अगदी ओठांवर आलं. बाईंनी वहीचं पान उलटलं. "मी नुसती विचारायला येते गं. मला त्यातलं काय कळतंय?"

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सरांकडे गेल्या. सर काही वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "बाई, हा अभ्यास नीट झाला तर पुढे हजारोंना शिकवता येईल. एकीला सांगितलंत, तर सगळंच वाया." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाईंना भांडता येईना.

"हळूच सांगून टाक की," नवरा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," बाई म्हणाल्या. आपल्या पाहणीत कधी खोट निघाली नाही, याचा त्यांना फार अभिमान. आता तोच जिवाला खात होता. पडदेवालीच्या दुकानाची पायरी चढणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं, आणि ती मात्र दर खेपेला हसून स्टूल पुसायची.

तिसरं वर्ष सरलं. वर्गाचं बोलावणं फोनवरही देता आलं असतं, पण बाई धावत स्वतः गेल्या. तिच्या दुकानात आता चष्मे मांडून एक चष्मेवाला बसला होता. पडदेवाली आता मागच्या गल्लीत, मोठ्या दुकानात शिवते, असं त्याने सांगितलं. ते दुकान पहिल्या गटातलं होतं.

ती मशिनवर सापडली. बाईंनी बोलावणं सांगितलं.

"आता काय करू शिकून?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाईंचे डोळे भरून आले, तशी तीच उठून समजूत घालायला लागली. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? माझी अक्कल कमी पडली. इथं आल्यावर बघितलं, हे आधी पैसे घेतात, मग कापतात. एवढीशी गोष्ट. तुम्हाला ठाऊक असती, तर तुम्ही सांगितलीच असती की मला."

बाईंनी मान खाली घातली.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितली असती."