मालकांचा पासवर्ड

खांदा कॉलनीतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा मालक पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला. काम तसं साधं होतं. सगळ्यांचे मेलबॉक्स जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायचे, आणि त्यासाठी मला प्रत्येकाचा पासवर्ड लागणार होता. लोकांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला. गाड्यांचं बुकिंग बघणाऱ्या ताईंनी चिठ्ठी देता देता हात मागे घेतला.

"तुम्ही वाचणार नाही ना?"

"मला तेवढा वेळ नाही," मी फटकारलं. गोड बोलणं मला कधी जमलंच नाही.

दुपारी मालकाने केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आमचे रेट कोनतरी बाहेर फोडतंय. बुकिंगवाल्या बाईवर डाउट हाय माझा. तिचा पासवर्ड हाय ना तुमच्याकडं? जरा उघडून दाखवा. उद्याच घरी बसवतो तिला."

"आणि काही सापडलंच नाही तर?"

"काय ना काय सापडतंच, मॅडम."

माझं टाळकंच सरकलं. मी काही साधू नाही. पण हे असलं काम करायला मी पनवेलच्या उन्हात स्कूटर हाकत आले नव्हते. उठून बाहेर आले. ताईंचे मेल सर्वांत आधी हलवले आणि त्यांना खुर्चीत बसवून म्हटलं, "नवा पासवर्ड तुम्हीच टाका." तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बाकीच्यांचंही तसंच केलं. चिठ्ठ्या फाडून उरलेल्या चहात बुडवल्या.

शेवटी पुन्हा केबिनमध्ये, मालकाकडे. "तुमचा पासवर्ड?"

त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, कीबोर्डवर हाताचा आडोसा धरला. "माझा मीच टाकतो. तुमी जरा तिकडं बघा."

मी तिकडे बघितलं.

"झालं. आता बाईचं उघडा."

"उघडता येणार नाही. त्यांनीही स्वतःच टाकलाय. मी तिकडे बघत होते."

"मग बदलून टाका ना!"

"बदलते. त्यांचं मेल बंद पडलं की त्या विचारायला येतील. मी तुमचं नाव सांगेन."

त्याने लॅपटॉप धाडकन मिटला. "निघा तुमी," म्हणाला. "तुमच्यासारखे शंभर मिळतील."

मिळतीलही. बॅग उचलून मी बाहेर पडले. दाराशी ताईंचं टेबल होतं. मला बघताच त्यांनी स्क्रीन हळूच दुसरीकडे वळवला. मी मालकाच्या केबिनमधून आले होते ना.